कानबाईच्या गोळ्या

"आते बोल ना! बठ्ठासमोर सांग!"

दिपमालाने हातातली तीन पाकिटं सगळ्यांसमोर पाटावर आपटली आणि खानदेशातल्या सोनगीरच्या त्या घरात सकाळपासून चाललेली कानबाई देवीच्या सणाची लगबग एकदम थांबली... सुलक्षणाच्या हातातलं पितळी तबक चिंचेच्या कोळात तसंच राहिलं.

पदराला सेफ्टी पिन हवी म्हणून मोठ्या जावेने धाकटीची पर्स उघडली होती. दिपमाला तशी मनाने वाईट नव्हती, पण दुसऱ्याची झाकलेली वस्तू दिसली की तिला उचकी लागायची!

"कसान्या गोळ्या शेत ह्या?" सासूबाईंनी, यशोदाबाईंनी विचारलं.

"कसान्या म्हंजे? कानबाईन्याच! आपन सनले लेतस त्याच!"

त्या भागातल्या बायकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. श्रावण लागला की मेडिकलच्या काउंटरवर हळूच 'कानबाईच्या गोळ्या द्या' म्हणायचं, की दुकानदार न विचारता पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या कागदात गुंडाळून देतो. अडचणीच्या बाईने देवीच्या नैवेद्याच्या रोटाला हात लावायचा नाही, ही रीतच! त्यामुळे बाईच्या पर्समध्ये लपवलेली गोळी म्हटली की ती हीच, दुसरी असूच शकत नाही, असा त्या घराचा पक्का समज होता.

"दोन वरीस झाये, मनी पाळी गई, मी मोकळी व्हयनी म्हनीसन रोटना मान लेस," दिपमालाचा आवाज चढला, "आनि हाई शे तिनं मोकळं व्हनं! गोळ्या खाईसन!"

यशोदाबाई सुलक्षणाकडे वळल्या. कमरेत वाकलेल्या त्या म्हातारीला वर बघायलाही मान तिरपी करावी लागे. "मी तुले मनी जागा दिधी, सुलक्षणा. तू देवीले फसाडं का?"

सुलक्षणाकडे खरं सांगण्यासारखं होतं, पण ते खरं खोट्यापेक्षा महाग पडणार होतं!

लग्नाला बारा वर्षं झाली, पदरी एकटी भूमिका. दिपमालाला दोन मुलगे. त्यामुळे सणाला दिपमाला मधोमध आणि सुलक्षणा भांड्यांशी, अशी वाटणी कोणी न ठरवताच झाली होती. आणि मग छत्तिसाव्या वर्षी तिची पाळी कायमची थांबली. अंगातून आगीचे लोट उठत, रात्री डोळ्याला डोळा लागत नसे, गुडघे कुरकुरत, पण सासरी सोनगीरला मात्र यशोदाबाईंनी तिला जवळ बसवून सांगितलं होतं, "देवीनी तुले मोकळी कयी. आते रोट मनी वहूच करी." मनी वहू! माझी सून! लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलेले ते दोन शब्द तिने सोन्याच्या मण्यांसारखे काळजात जपून ठेवले होते.

वैशाखात तिचा नवरा ललित तिला धुळ्याला देवपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. हाडांची तपासणी झाली. "बाईचं शरीर पन्नाशीपर्यंत ज्या हार्मोन्सवर चालतं ती तुमच्यात चौदा वर्षं आधीच आटली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "हाडं आत्ताच विरळ झालीत. या गोळ्या ती हार्मोन्स बाहेरून पुरवतील. नेमाने घ्यायच्या, मधूनमधून तपासायला यायचं. आणि हो, महिन्यातून काही दिवस पुन्हा रक्तस्राव होईल, घाबरायचं नाही."

ती घाबरली होती... नेमकी त्याच वाक्याला!

ललित नारळांची पिशवी घेऊन आत आला. कॉलेजच्या ऑफिसात कारकून असलेल्या त्या माणसाने आधी बायकोचा चेहरा पाहिला, मग पाटावरची पाकिटं उचलली.

"ह्या सुलक्षणाच्या हार्मोनच्या गोळ्या आहेत, वहिनी. पाळी थांबवायच्या नाहीत, तिच्या शरीराला जे कमी पडतंय ते द्यायच्या." त्याने पाकिटं उलटीसुलटी केली. "पण ह्या... ह्या सगळ्या भरलेल्या कशा? सुलक्षणा, तीन महिन्यांत तू एकसुद्धा गोळी घेतली नाहीस?"

आणि मग इतके दिवस बांधून ठेवलेला बांध फुटला.

"कशी घेऊ? घेतल्या असत्या तर पाळी परत आली असती! मग रोटाला हात लावू दिला असता का मला कोणी? आई, देवीला नाही हो फसवलं मी... ह्यांच्याशी खोटं बोलले, रोज घेते म्हणाले. पण तुम्ही मला तुमची म्हटलंत, ते परत जाऊ नये म्हणून... तेवढ्याचसाठी!"

दिपमालाने नुसताच पदर तोंडाला लावला.

"हाडं इरळ व्हतस म्हनी का डॉक्टरीन?" यशोदाबाईंनी विचारलं.

"हो, माय. औषध नाही घेतलं तर ठिसूळ होतील."

यशोदाबाईंनी आपलं डावं मनगट उजव्या मुठीत धरलं. दोनदा मोडलेलं, वाकडं जुळलेलं मनगट.

"मनी पाळी बंद व्हयनी तवय मी एकुनचाळीसनी व्हतू. बठ्ठा म्हनेत, यशोदाले देवी पावनी. मीबी मिरावू! मंग कळशी उचलताना हाई मनगट मोडनं. मंग कंबर वाकनी. मले वाटे, कामवरी झिजनू... मले कोनी सांगंच नही, पोरी!" म्हातारीने सुलक्षणाचं मनगट हातात घेतलं. "आनि त्याच आगमा मी तुले ढकली, मान दिधा म्हनीसन. ललित, लाव फोन डॉक्टरीनले. आजपाईन घेवान्या का ते इचार. आनि घेस का नही, ते आते मी देखसू!"

डॉक्टरीणबाईंनी आधी ललितला चांगलंच फैलावर घेतलं आणि मग आजपासून सुरू करा म्हणून सांगितलं. यशोदाबाईंनी स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे केला.

वर्ष सरलं. सुलक्षणा रात्री गाढ झोपू लागली, जिना चढताना कठड्याला धरेनाशी झाली, आणि भूमिका बापाला सांगू लागली, "आई हल्ली ओरडतच नाही, करमत नाही मला!"

पुन्हा श्रावण आला... आणि कानबाईचे गहू दळायच्या नेमक्या त्याच सकाळी सुलक्षणाची अडचण आली. तिने स्वतःहून सांगितलं आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसली. मान दिपमालाकडे गेला होता आणि दिपमाला घामाघूम होऊन आतून दर घटकेला विचारत होती, "सुलक्षणा, गूळ कितला व?" सुलक्षणाच्या मनाला थोडं लागलं, नाही असं नाही. पण पाठ दुखत नव्हती, ऊन कोवळं होतं, आणि इथूनही सगळं नीट ऐकू येत होतं.

घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे आणि त्यांचेच रोट करायचे, अशी चाल होती. यशोदाबाई मोजत होत्या. "हिलाल आबा... नवल... ललित... दोन्ही पोरं..." नवरा, दोन मुलगे, दोन नातू, असे पाच झाले. हात पुन्हा पोत्यात गेला.

"अवं, मानसं तर सरनात," हिलाल आबा म्हणाले. "हाई कोनी?"

"मनी वहूनी. सुलक्षणानी." म्हातारीचा आवाज ओसरीपर्यंत खणखणीत आला. "घरना मानसाकरता जी हाडं झिजाडस, तिना नावनी एक मूठ जड नही देवीले!"

सुलक्षणाच्या डोळ्यांसमोरचं ऊन डबडबलं...

"आनि मनी?" दिपमाला फुरंगटून म्हणाली.

"तुनीबी! भूमिकानीबी!"

सगळे हसले, आबासुद्धा. मग त्यांनी धोतराला हात पुसले, पोत्याशी उकिडवे बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा सुपाला हात लावला.

"आनि हाई यशोदानी," म्हणत त्यांनी मूठ भरून गहू सोडले, वर पाव मूठ आणखी.

पंचेचाळीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांच्याच मुठी मोजल्या होत्या, ती दोन्ही हातांत तोंड झाकून हमसून हमसून रडू लागली. तिचे ते वाकलेले खांदे हलताना पाहून सुलक्षणा ओसरीवरून उठली, उंबरठा ओलांडून आत आली आणि तिने सासूला मिठीत घेतलं... आणि तिला कोणीही अडवलं नाही.