आठशे किलोंचा घोळ

"पेटी खाली नको ठेवूस, गवत ओलं आहे," असं म्हणत त्याने लोवेनाच्या हातातली जड पेटी घेतलीसुद्धा.

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या त्या जुन्या धावपट्टीवर धुकं इतकं दाट होतं, की तिला आधी त्याचे हात दिसले, मग भिजलेल्या पापण्या. हा डेन्झिल, जेट इंजिनावर पळणाऱ्या गाडीचा मेकॅनिक. आणि ती, त्या इंजिनाचा रेटा मोजायला आलेली.

धुकं विरल्यावर त्यांनी गाडी मागून साखळीने जमिनीतल्या खुंटाला बांधली. साखळीत लोवेनाने आपला ताण मोजणारा काटा अडकवला. इंजिन गरजलं, गाडी पुढे झेपावू लागली, साखळी ताणली गेली... पण चार हजार किलो हवे होते, तिथे काटा बत्तीसशेवरच अडला. पुन्हा करून पाहिलं, तरी तेच!

"संध्याकाळपर्यंत आकडा जुळला नाही, तर गाडी वेगाच्या विक्रमासाठी वाळवंटात जाणार नाही," पथकाच्या प्रमुख पेनगेलीबाई म्हणाल्या. "काटाच बिघडला असेल तर तसं सांग, दुसऱ्या कुणाला बोलावते."

लोवेना पार गोंधळली. काटा तिने कालच तपासला होता. त्यात हा डेन्झिल सारखा तिच्याच आसपास घुटमळत होता. विश्वास नाही म्हणून? की... छे, काहीतरीच!

"पाळत ठेवतोयस का माझ्यावर?"

"नाही गं! बघतोय फक्त."

"काय?"

"म्हणजे... साखळी." त्याचे कान लालबुंद झाले.

तिला काही कळेना. नजर चुकवायला म्हणून ती खाली वाकली, आणि थबकली. पुढच्या चाकांसमोर लोखंडी ठोकळे! बाकीचा रेटा तेच झेलत होते.

"हे कुणी लावले?"

"मी... साखळीवर ताण कमी यावा म्हणून. तू इतकी जवळ उभी राहतेस, तुटली तर?"

"अरे, पण मग माझा आकडा कसा येणार?"

"ते लक्षातच आलं नाही. तू आल्यापासून धड काही लक्षात राहतंय कुठे?"

रागवावं की हसावं... तिला सुचेना. ठोकळे काढायला लावून ती लांब, धावपट्टीकडेच्या खोलीत जाऊन बसली. इंजिन पुन्हा गरजलं, आणि तिथल्या पडद्यावर आकडा चार हजारांच्या पुढे गेला.

डेन्झिलने प्रमुखांच्या खोलीत जाऊन स्वतःहून चूक कबूल केली. पेनगेलीबाई भडकल्या. "शनिवारी एकट्याने सगळं इंजिन साफ करायचं!"

तो मान खाली घालून बाहेर आला. लोवेना दारातच होती.

"शनिवारी मी येते मदतीला."

"पण... तुझं इथलं काम तर आज संपलं."

"हो," ती म्हणाली, "म्हणूनच तर येतेय."