उजाडवरची केतकी

कोल्हापुरात टायरच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत बसून हेमांगी मुळीक आणि शाहीन मुजावर यांनी एक ग्रह तयार केला. त्याचं नाव उजाड. ग्रह खेळातला, पण भलताच खाष्ट: हवेत आम्ल, रात्री हाडं गोठवणारा गारठा आणि केव्हाही उठणारी वादळं. खेळाडूने खणावं, बांधावं, प्राणवायू जमवावा आणि जमेल तितका तग धरावा. जिंकण्याची भानगडच नव्हती. मोठ्या कंपन्यांनी असला खेळ दारातूनच परत पाठवला असता; या दोघींना त्याची फिकीर नव्हती.

खेळाची खरी करामत होती सवयछाया. खेळाडू खेळ सोडून जेवायला गेला, तरी उजाडवरचा त्याचा देह थांबत नसे. त्याच्या सवयी शिकलेली छाया तो देह चालवत राही, म्हणजे त्याच्या माघारी तो मरू नये.

हेमांगीची मुलगी केतकी एकोणिसाव्या वर्षी फुफ्फुसांच्या आजाराने गेली. तिची छाया मात्र उजाडवर राहिली. ती पुसायची का, असं शाहीनने एकदाच विचारलं. हेमांगीचा चेहरा बघून तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

कामं आटोपली की हेमांगी रोज उजाडवर जाऊ लागली. आईचं नाव दिसताच केतकी आपल्या राहत्या घुमटातून धावत बाहेर येई आणि गिरक्या घेई. गिरकीला प्राणवायू फार लागतो. जगू बघणारा कोणी तिच्या वाटेला जात नाही. शेवटच्या महिन्यांत हॉस्पिटलच्या पलंगावरून खेळतानाही केतकी अशाच गिरक्या घ्यायची, आणि इकडे ऑफिसात बसलेल्या हेमांगीला वाटायचं, पोर आज बरी आहे. आताही तेवढ्यापुरता तिचा जीव शांत होई. बाकीचा दिवस ती कसाबसा ढकलत होती.

एका दुपारी शाहीन काही दुरुस्तीसाठी ‘पाहुणा’ या चाचणीच्या नावाने तिकडे गेली आणि चक्रावली. केतकीची छाया भिंतीकडे तोंड करून बसली होती, जागची हलत नव्हती. बिघाड असणार, असं तिने हेमांगीला सांगितलं. हेमांगी म्हणाली, हातातलं सगळं सोड आणि आधी ते बघ. शाहीनने सगळं तपासलं.

“ताई, छाया बिघडलेली नाही,” ती अखेर म्हणाली. “जवळ कोण आहे त्याप्रमाणे माणूस वेगळा वागतो, म्हणून आपण प्रत्येक नावासाठी वेगळी सवय शिकवली होती की.”

“मग?”

“छाया मनाने काही करत नाही. केतकीनं जे केलं, तेवढंच करते.” पुढचं सांगणं शाहीनच्या जिवावर आलं होतं. “तुम्ही खेळातून बाहेर पडलात की ती तशी बसायची. शेवटी शेवटी रोजच. तुमचं नाव दिसलं की उठायची.”

हेमांगीला आधी राग आला, तोही केतकीचाच. एवढी भीती वाटत होती, तर आईला सांगायचं नाही? मग तिला कळलं, की उरलीसुरली उमेद पोरीने आपल्यापुढे नाचण्यात घालवली होती, आणि आपण ती रोज आनंदाने घेत होतो. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. शाहीन तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

ती बसण्याची सवय पुसता येईल, असं शाहीनने हळूच सुचवलं. मग केतकी सदा हसती-नाचतीच दिसेल. हेमांगीच्या ओठांवर होकार आला होता.

“नको,” ती म्हणाली. “तेवढंच तिचं स्वतःचं आहे. बसू दे तिला.”

त्या संध्याकाळी तिने स्वतःचं नाव बाजूला ठेवलं आणि पाहुणा म्हणून ती उजाडवर उतरली. छाया ओळखते ती नावावरूनच. घुमटाचं दार उघडंच होतं. केतकी धावत आली नाही, तिने गिरकी घेतली नाही. हेमांगी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. बाहेर आम्लाचं वादळ घुमटावर आदळू लागलं, तेव्हा केतकीने मान न वळवताच जरासं सरकून, त्या अनोळखी माणसाला भिंतीशी बसायला जागा करून दिली.