हात न लागलेलं

"वरच्या घरात ज्याला हात लागत नाही, ते नाहीसं होतं. आणि एकदा गेलं की पुन्हा..." इस्त्रीवाला जिन्यात पहारेकऱ्याला सांगत होता. मला पाहिलं आणि गप्प. आता तुम्हीच सांगा, अर्धी गोष्ट माझ्या पोटात राहील? लिंबांची वाटी उचलली आणि भरदुपारी वर गेले.

वर संगणकवाले भाऊजी एकटेच असायचे. बायको गेल्यापासून माणूस वाळून काटकी झालेला. पडदे ओढलेले, तापलेल्या तारांचा वास, आणि यंत्राची सतत घूं... घूं.

"खुर्चीला नीट हात लावून बसा, ताई."

मी हसले. ते हसले नाहीत.

"या यंत्राच्या लिनक्स प्रणालीत तात्पुरत्या फायलींची एक जागा असते. तिथल्या ज्या फायलीला बरेच दिवस हात लागत नाही, ती यंत्र आपणहून पुसतं. नियम मीच लावलेला. तिच्या आवाजाची फाईल घाईत तिथेच ठेवली. तिचं तेवढंच बोलणं उरलं होतं हो. आणि ती गेल्यावर कित्येक दिवस मी अंथरुणातून उठलोच नाही..."

"अगंबाई! मग तो मेला नियम बंद करा की!"

"केला. यंत्रातला केला."

त्यांनी मान वळवली. फळीवरच्या धुळीत बरणीच्या बुडाचा गोल होता, बरणी नव्हती. भिंतीवर खिळा होता, तसबीर नव्हती.

"काल इथे तिचा चष्मा होता... दिवसभर फिरून एकेका वस्तूला हात लावतो. पुरा पडत नाही, ताई. आणि मला कोण हात लावणार?"

मी त्यांचा हात धरला. गार, हलका, रिकाम्या बाहीसारखा.

दुसऱ्या दिवसापासून दार उघडेना. मी रोज दार ठोठवायचे. "थांबा... अजून चमचे राहिलेत..." आतून आवाज यायचा, रोज जरा बारीक. एक दिवस आलाच नाही. पहारेकऱ्याने दार फोडलं. कडी आतूनच होती.

घरातला चमचा न् चमचा लखलखत होता. माणूस तेवढा नव्हता.

"गेलं ते गेलं," इस्त्रीवाला मागून पुटपुटला. "पुन्हा येत नाही."

त्याचं तेवढं मात्र खोटं निघालं. यंत्राची घूं थांबली, आणि तिचा आवाज आला. यंत्राने पुसलेला, तोच. इतक्या वर्षांचा शेजार, मी ओळखणार नाही?

"ताई... हे कुठे दिसत नाहीत?"