एसीची सर्दी

खोटा अवतार घेऊन फिरायच्या त्या ॲपमधल्या बागेत नायरा थेट एका मुलाच्या अंगावर जाऊन धडकली. चूक तिची नव्हती... चिंचपाड्याला रेंजच तशी!

"डोळे घरी ठेवून आलीस का?" त्याचा आवाज आला.

"तूच वाटेत खांबासारखा उभा!"

तो हसला आणि हसता हसता जोरात शिंकला. "सॉरी हं... एसीची सर्दी."

नायरा म्हणजे चिंचपाड्याची रूथ. अवतार बनवताना तिनं गोरा रंग निवडला, आखूड केस, जांभळं जॅकेट आणि गाव पुणे. घरात मावची बोलणारी रूथ तिथं कॉलेजातल्या बाईंसारखं मराठी बोलायची. तो अर्जुन, नाशिकचा. मोठ्या ऑफिसात होता म्हणे.

रोज संध्याकाळी दोघं तिथल्या बाकावर बसत. रूथच्या मागं बकरी ओरडली की ती म्हणे, "शेजाऱ्यांची रिंगटोन!" तो शिंकला की एसीची सर्दी.

"एवढा एसी? बर्फाच्या कारखान्यात आहेस का?"

"ये ना एकदा बघायला... शाल घेऊन."

नायराचे गाल लाल व्हायचे. ॲपमध्ये तशी सोय होती. रूथचे सोयीवाचूनच व्हायचे.

दिवाळीच्या सुट्टीत रूथ पहिल्यांदाच आईबरोबर नंदुरबारला गेली, मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला. ठसका लागू नये म्हणून सगळ्या बायकांची तोंडं ओढणीत, उघडे फक्त डोळे. मालकाचा मुलगा भाग्येश रांगेतून फिरत आला आणि जोरात शिंकला.

रूथच्या हातातली मिरची हातातच राहिली.

"नवी शे का तू?" त्यानं विचारलं. तोच आवाज! तिनं नुसती मान हलवली.

"बोलस नही का?"

"लाजते ती, शेठ," आई म्हणाली.

तो हसला. रूथचा हात ओढणीच्या गाठीकडे गेला... तेवढ्यात त्याचा मित्र विनोद म्हणाला, "काय रे, तुन्ही पुनावाली काय म्हनस?"

"ती? कितलं भारी बोलस ती! आठे कोन शे तशी?" भाग्येशनं सहज साऱ्या पथारीवर नजर फिरवली. रूथवरूनही.

तिचा हात खाली आला.

त्याच संध्याकाळी ॲपमधल्या बाकावर अर्जुन गंभीर होता. "नायरा, खरं सांगू? मी नाशिकचा नाही. एसी-बिसी काही नाही. नंदुरबारला आमची मिरचीची पथारी आहे, तिथंच राबतो. नाव भाग्येश... चालेन का मी?"

मजुरांच्या झोपडीत रूथनं फोन छातीशी धरला. आता तिची पाळी होती. पण 'आठे कोन शे तशी', इथं कोण आहे तशी, हे कानातून जाईना. तिनं फोनच बंद केला.

सकाळी त्याचा मेसेज होता. 'समजलो. मिरचीवाला नको ना? बरोबर आहे तुझं.' बाकावरून अर्जुन गेला तो गेलाच.

वेडा! तिला मिरचीवालाच तर हवा होता. भीती वाटत होती ती ओढणीखालच्या स्वतःच्या तोंडाची. तो रोज उतरल्या चेहऱ्यानं समोरून जायचा, आणि रोज तिचे शब्द ओठांपर्यंत येऊन मागं फिरायचे. किती सोपं होतं, आणि किती जमलं नाही!

शेवटच्या दिवशी बायका टेम्पोत चढल्या. टेम्पो हलला आणि फाटकाशी उभा असलेला भाग्येश शिंकला. रूथला राहवलं नाही. ओढणी खाली ओढून ती ओरडली, "एसीची सर्दी का रे?"

तो दचकला. चेहरा असा उजळला की रूथनं श्वास रोखला. आता बघेल... आता!

भाग्येशनं घाईघाईनं खिशातून फोन काढला आणि कानाला लावला.

"नायरा? हॅलो... नायरा?"

टेम्पो नवापूरच्या रस्त्याला लागला, तरी तो फोनमध्येच शोधत होता.