जिल्हा लातूर, पेंटर शिवमूर्ती

लातूरचा जिल्हा झाला त्या सुमाराला दुष्काळ असा पडला होता, की गावातले कावळे पाण्याचा पत्ता विचारत पार नांदेडला गोदावरीवर जायचे आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत यायचे. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा.

अशा त्या कोरड्या दिवसांत, भर दुपारी गंजगोलाईच्या बाजारातून जाताना सिंधुच्या गालावर टपकन एक थेंब पडला.

"पाऊस!" ती ओरडली. चार दुकानदार धावत बाहेर आले. एकानं तर घागरच आणली. सिंधुनं गालाला बोट लावून पाहिलं... थेंब निळा होता. वर शिडीवर एक लांब हाताचा तरुण ब्रश धरून तिच्याकडं बघत होता. इतका एकटक, की दुसरा थेंबही पडला.

"माफ करा बाई. उस्मानाबाद पुसून लातूर लिहायलोय."

"माझ्या गालावर?"

"जागा चांगली हाय," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

हा शिवमूर्ती पेंटर. नव्या जिल्ह्यामुळं साऱ्या गावाचे बोर्ड बदलायचे होते, आणि हात याचाच चांगला. यानं काढलेल्या आंब्यावर पोपट चोच मारून जायचे. पण शब्द? कुणीही आलं की "उद्या देतो!" त्या 'उद्या'ची वाट बघताना एका हलवायाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

नेमकं सिंधुलाही बोर्डाचंच काम होतं. गुळाचे आडते वीरण्णा हे तिचे वडील. त्यांनी पुढच्या खोलीत तिला टायपिंगचा क्लास काढू दिला होता, पण अटीवर. तिसऱ्या सोमवारी तपासणीचे साहेब येणार. दारावर बोर्ड नसेल तर मान्यता नाही. आणि मान्यता नाही, तर मशीनं विकायची आणि उदगीरच्या स्थळाला होकार द्यायचा.

"उद्या देतो," शिवमूर्ती म्हणाला.

"कोणत्या तारखेचा उद्या?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दुकानात ठाण मांडून बसली. अकरा गिऱ्हाइकं आली. अकरांनाही उद्या!

"एका दिवसात अकरा बोर्ड?"

"न्हाई म्हटलं की गिऱ्हाईक तोंड पाडतंय. बघवत न्हाई मला."

"आन् उद्या हेलपाटा घालून परत जातंय, तवा बघवतं?"

तिनं भिंतीवर पाटी टांगली. खडूनं एकेक नाव, पुढं खरी तारीख. जमणार नसेल, तर गिऱ्हाईक यायच्या आत आपणच त्याच्या दारात जायचं. रोज संध्याकाळी ती पाटी तपासायला यायची, आणि त्याच्याकडून 'नाही' घोकून घ्यायची.

"म्हणा. मंगळवारच्या आधी न्हाई जमणार."

"मंगळवारच्या... तुम्ही अशा बघू नका. सगळंच जमतंय म्हणावंसं वाटतं."

"भिंतीकडं बघून म्हणा मग."

"भिंतीला काय सांगू? तिला कुठं बोर्ड पाहिजे?"

पंधरवड्यात पेंटर सुधारला. हलवायाचा बोर्ड कबूल वेळेच्या तासभर आधी लागला, तर तो माणूस घाबरून वैद्याकडं गेला म्हणे.

आणि शनिवारी दुपारी शिवमूर्ती सिंधुच्या दारात येऊन उभा राहिला. उंबऱ्याबाहेरच.

"तुमचा बोर्ड... पाटीवर उद्याची तारीख हाय, पण होणार न्हाई."

तिचं बोट मशीनवरच राहिलं. "का?"

"हात लावला न्हाई अजून. रोज पत्रा काढतो, पुसतो, ठिवतो. बोर्ड दिला की तुमचं काम संपलं – मग तुम्ही कशाला येणार दुकानात?" तो खाली बघत म्हणाला. "आधी जाऊन सांगावं, म्हणालात ना... म्हणून आलो."

सिंधुच्या डोळ्यांत राग आला, त्याच्या मागोमाग पाणीही. "आन् त्यापायी मी उदगीरला नांदायला जाऊ?"

"उदगीर?"

तिनं अट सांगितली. ही गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. तो बोटं मोजायला लागला. "अस्तराचा रंग आज. अक्षरं उद्या दुपारपर्यंत. सोमवारी सकाळी वाळतंय. वावटळ आली न्हाई तर होतंय. आली तर... खात्री न्हाई. खरं ते सांगितलं."

रविवारी वावटळ आलीच. सिंधुच्या अंगणात पत्रा, ओला रंग, आणि सगळीकडून धूळ. सिंधुनं चादरीचं एक टोक खिडकीला बांधलं, दुसरं हातात ताणून ती त्याच्या खांद्याशी उभी राहिली.

"हात का थरथरतोय?"

"धूळ..."

"धूळ हातात गेली?"

"तुम्ही लई जवळ उभ्या."

ती हलली नाही. "लिहा," म्हणाली, हळूच.

चादर फडफडायला लागली, तसं कुणीतरी खालचं टोक धरलं. वीरण्णा! सिंधु चटकन एक पाऊल मागं सरली.

"अप्पा, आम्ही..."

"काल आतून सगळं ऐकलं मी," वीरण्णा धोतर सावरत म्हणाले. "तीस वर्षं आडत केली. काम बिघडायच्या आधी येऊन सांगणारा माणूस पहिल्यांदा बघायलोय. नीट लिही रे! पोरीचं नाव हाय."

सोमवारी अकराला साहेब आले. बोर्ड वाचला, मशीनं मोजली, सही केली आणि गेले. वीरण्णा उदगीरला नकाराचं पत्र लिहायला आत गेले.

शिवमूर्तीनं शिडी खांद्यावर घेतली. "दुकानात... याल का कधी?"

"न्हाई."

त्याचं तोंड उतरलं.

"आता तुम्ही यायचं. सकाळी सातची बॅच. माझ्यासमोरचं मशीन."

"मला टायपिंग कशाला?"

"तुम्हाला नसंल. पण मला समोर कुणीतरी लागतंय..." तिनं कागदाच्या कडा उगाच सारख्या केल्या.

बाकीची पोरं सहा महिन्यांत शिकून, परीक्षा देऊन निघून जायची. शिवमूर्ती लग्नानंतरही सातच्या बॅचला बसायचा, एका बोटानं टाइप करत.

दुसरं बोट सिंधुनं त्याला कधी शिकवलंच नाही.