टेकलेल्या टाचा

तो खरं तर भांडायला म्हणून जिना चढून आला होता.

खाली त्याचं चष्म्याचं दुकान, वर तिची जिम. वर कुणी वजन धाडकन टाकलं, की खाली भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता थरथरायचा आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक घाबरून म्हणायचं, "अहो, अक्षरं हलायला लागली!" त्या दिवशी त्याचा संयम संपला. तो तावातावाने वर आला आणि दारातच थबकला.

ती एकाला जमिनीवरचा वजनांचा बार उचलायला शिकवत होती. "पाठ सरळ. बार अंगाजवळ. कमरेने नाही हो, पायांनी उचला!" असं म्हणत तिने स्वतःच तो उचलून दाखवला, अगदी सहज.

"बोला, काय हवंय?" तिने विचारलं.

तक्रार त्याच्या ओठांवर होती. पण तोंडातून निघालं भलतंच.

"असं... माणूस उचलता येईल?"

"कोणता माणूस?"

"आई," तो म्हणाला. "मला दंड नकोत, छाती नको. आई उचलायची आहे."

ती हसणार होती. त्याचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

त्याच्या आईची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली होती. पलंगावरून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागायची. शेजारचे काका मदतीला यायचे, पण आता काकांचीच कंबर धरली होती. मग परगावच्या ताईने निकाल लावून टाकला. तुला एकट्याला झेपत नसेल, तर महिनाअखेरीस येते आणि आईला इकडच्या वृद्धांच्या संस्थेत ठेवते. आईला मात्र आपली खोली आणि आपली खिडकी सोडायची नव्हती.

"मग उद्यापासून या," ती म्हणाली. "आणि हा इस्त्रीचा शर्ट घालून येऊ नका."

जिममध्ये त्याचं नाव 'नंबरवाले' पडलं. आरशासमोर दंड फुगवणाऱ्या पोरांमध्ये तो काडीसारखा माणूस चष्मा सावरत उठाबशा काढायचा. त्याला आरशात स्वतःकडे बघायचं सुचतच नसे. तो बघायचा तिच्याकडे... आणि तिला ते कळायचं.

तिची एक ख्याती होती. कुणाचा बार अर्ध्यावर अडला, की तिची दोन बोटं हळूच त्याखाली जायची आणि तोंडाने ती ओरडायची, "तुमचंच आहे! मी हातही लावलेला नाही!" सगळ्यांना ते खोटं ठाऊक होतं आणि सगळे त्यावर खूश होते. नंबरवाले तेवढे खूश नव्हते.

"कोच, माझ्याकडेही लोक तक्ता पाठ करून येतात," तो एकदा म्हणाला. "मग चुकीचा नंबर घेऊन जातात आणि पायरी चुकतात."

"मग मी येतेच माझे डोळे तपासायला! पाठांतराच्या नावाने माझी बोंबच आहे."

ती खरंच गेली. अंधारी खोली, जड चौकट नाकावर, आणि त्याचा चेहरा इतक्या जवळ की श्वास कुठे सोडावा तेच तिला कळेना. भिंग बदलल्याचा बारीक आवाज यायचा.

"हे बरं... की मघाचं?"

"दोन्ही बरी."

"मला खूश करायला सांगू नका. दिसतं तेच सांगा."

"दिसतं ते सांगितलं," ती म्हणाली, "तर तुम्हालाच लाजायला होईल."

भिंग त्याच्या हातातून निसटून खाली पडलं. दोघंही ते शोधण्यात नको तितका वेळ रमले.

मग खऱ्या सरावाची वेळ आली. ती बाकाच्या कडेला बसली आणि अंग सैल सोडत म्हणाली, "आता मला आई समजा."

"समजायला जड जातंय, कोच."

"जडच जायला हवं. गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकवा. हात काखेतून मागे. आता पायांनी उठा, आणि वळा."

त्याने उचललं. पहिल्याच झटक्यात ती वर आली. त्याची छाती तिच्या कानाशी धडधडत होती. वळून त्याने तिला खुर्चीत अलगद ठेवलं, आणि त्याच्या डोळ्यांत असा आनंद दाटला की तिला खरं सांगवेना. तिच्या टाचा जमिनीवर टेकलेल्या होत्या. निम्मी तर तीच उठली होती.

मुद्दाम? निम्मं मुद्दाम. त्याने हरू नये, असं वाटलं म्हणून. आणि निम्मं... ते तिचं तिलाही धड माहीत नव्हतं. रोज ती टाचा टेकवत राहिली आणि रोज म्हणत राहिली, "तुमचंच आहे!"

ताई यायच्या दिवशी दुकान उघडलंच नाही. वर वजनं आपटत होती, पण तक्रार करायला खाली कुणी नव्हतं. शेजारच्या शिंप्याने सांगितलं, "काल ते आईला घेऊन पडले म्हणे. आईच्या दंडाला मुका मार बसलाय."

ती शिट्टी गळ्यात तशीच ठेवून त्याच्या घरी धावली.

दार ताईने उघडलं. आत आईच्या कपड्यांची बॅग भरून तयार होती. पलंगावर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तो पायथ्याशी मान खाली घालून बसला होता.

"माझं चुकलं, कोच," तो म्हणाला. "तुम्ही इतकं शिकवलंत, तरी..."

"तुमचं नाही चुकलं." ती पुढे आली. "मी पाय टेकवत होते. रोज. तुम्ही मला कधी पूर्ण उचललंच नव्हतं."

त्याने मान वर केली.

"तुम्ही मला चुकीचा नंबर दिलात," तो एवढंच म्हणाला.

त्याने आवाज चढवला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"का?" त्याने विचारलं.

"तुम्ही हसता ना, जमल्यावर... ते मला हवं होतं." ती थांबली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आणि मला जमत नाही हो. दिवसभर दुसऱ्यांची वजनं सावरते मी. स्वतःचा सगळा भार कुणावर टाकायचा... कधी टाकलाच नाही कुणावर. भीती वाटते."

पलंगावरून आईचा जड, अडखळता आवाज आला. "अगं, मग आता टाक की."

ताई काहीतरी बोलणार होती. आईने डावा हात वर करून तिला गप्प केलं.

कोच पलंगाच्या कडेला बसली. टाचा उचलल्या, पाय ढिले सोडले, मान त्याच्या खांद्यावर टाकली. त्याने ओढलं आणि ती हललीही नाही.

"जड आहात," तो दम टाकत म्हणाला.

"हो," ती त्याच्या खांद्यात पुटपुटली. "एवढी आहे मी. आणखी खाली बसा. पायांनी."

तो खाली बसला. श्वास घेतला. मग ती उचलली गेली, आपण होऊन नाही, सगळीच्या सगळी त्याच्या जोरावर. त्याचे पाय थरथरले, पण त्याने सोडलं नाही. तिचे डोळे कधी भरून आले ते तिला कळलंच नाही.

"हे बरं... की मघाचं?" त्याने तिच्या कानाशी विचारलं.

"हे. हेच खरं."

"अरे, ठेव तिला खुर्चीत," आई म्हणाली. "आता मला."

पहिल्यांदा तो अर्ध्यावरच थांबला आणि आईला पुन्हा नीट पलंगावर टेकवलं. दुसऱ्यांदा आई वर आली, वळली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. कोचचे दोन्ही हात आईच्या पाठीमागे तयार होते, हवेत, वीतभर लांब. ताईने ते अंतर डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. तिने बॅग उघडली आणि आईची एकेक साडी परत कपाटात ठेवू लागली.

"हात लावलात?" त्याने धापा टाकत विचारलं.

"नाही." तिने दोन्ही रिकामे तळवे त्याच्यापुढे धरले. "तुमचंच आहे."

त्याने त्यातला एक हात धरला. "सगळं?"

"सगळं," ती म्हणाली, आणि या वेळी ते खरं होतं.