हरभऱ्यातलं बुजगावणं

पायाला मुंग्या येऊन येऊन आता पाय आहे की नाही, हेही दीपमालाला कळत नव्हतं. पहाटे सहापासून ती पाणकणसांच्या आड गुडघाभर चिखलात बसून होती. डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर. समोरच्या हरभऱ्यात पंधरा करकोचे उतरले होते, आणि त्यातले दोन एकेक पाऊल टाकत तिच्याच दिशेनं येत होते. राखी अंग, उंच मान, डोक्यावर लाल टिळा. अजून दहा पावलं. अजून आठ...

आणि कुठूनतरी डबा वाजला. ठण्-ठण्-ठण्.

पंधराच्या पंधरा करकोचे ओरडत उठले आणि पाण्यापलीकडे निघून गेले.

दीपमाला तशीच, चिखलानं माखलेली, उभी राहिली. शेताच्या कडेला चार बांबूंवर बांधलेला माळा होता, आणि माळ्यावर एक तरुण एका हातात डालड्याचा जुना डबा, दुसऱ्या हातात काठी घेऊन उभा होता. गवतातून अचानक बाई उगवलेली बघून तो एक पाऊल मागं सरला.

"कोण हाय तिकडं?"

"तो डबा आधी खाली ठेवा."

"खाली ठेवला तर हरभरा कोण राखायचा? तुम्ही?"

"तीन तास बसले होते मी इथं. तीन तास."

"मी दिवाळीपासून बसलोय," तो शांतपणे म्हणाला. "तुम्हाला पाखरांचे फोटो पाहिजेत. पाखरांना माझा हरभरा पाहिजे. मला काय पाहिजे, ते कुणी इचारतच नाय."

दीपमालाला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून अधिकच राग आला. ती बॅग उचलून आत्याच्या घराकडे चालू लागली. मागून आवाज आला, "चप्पल राहिली तुमची. चिखलातली."

ती परत आली, चप्पल उपसून काढली आणि त्याच्याकडे न बघता निघून गेली.

नवसाबाई आत्यानं तिचा अवतार बघून आधी पाणी तापत ठेवलं, मग चौकशी केली. आत्या चापडगावात दिली होती, तिला तीस वर्षं झाली. "माळ्यावरचा म्हणजे रंगनाथभाऊंचा ज्ञानेश," ती म्हणाली. "गाळपेर करत्यात ते. धरणाचं पाणी उतरलं की जी गाळाची जमीन उघडी पडती ना, तिच्यात हरभरा टाकायचा. पाणी चढलं की जमीन गेली. चार महिन्यांची शेती, तिच्यावर वरीसभर जगायचं. मग पाखरानं खाल्लेलं कसं चालंल? पोरगं वाईट नाय. तोंड लय चालतं, एवढंच."

दीपमाला चोवीस वर्षांची. घर मखमलाबादला; वडील आणि भाऊ फ्लॉवर, कोथिंबीर, गुलाब पिकवून नाशिकच्या बाजारात नेत. ती मात्र मेन रोडच्या एका फोटो स्टुडिओत होती. लग्नाचे फोटो काढायचे, अंधाऱ्या खोलीत रोल धुवायचे, कागदावर चेहरे उमटवायचे. मालकांनी रविवारपुरती मोठी लेन्स वापरायची परवानगी दिली होती, आणि गेली तीन वर्षं तिचा एकही रविवार घरी गेला नव्हता.

पुण्यातल्या एका संस्थेत वन्यजीवांच्या छायाचित्रणाचं वर्षभराचं शिक्षण मिळे. जागा सहाच. बारा फोटो पाठवायचे, आणि अर्जात एक अट होती: बारांपैकी एक तरी फोटो असा हवा, की त्यातल्या प्राण्याला तुम्ही तिथं आहात हे कळलेलंच नाही.

गेल्या वर्षी तिची निवड झाली नव्हती. पत्रात एकच ओळ होती. 'तुमचे सगळे प्राणी तुमच्याकडे बघत आहेत.' तिनं ते जुने फोटो पुन्हा पाहिले, तर खरंच तसं होतं. पेशवे पार्कातला वाघ गजांमागून तिच्याकडे बघत होता, माकड तिच्याकडे बघत होतं, आणि जे बघत नव्हते ते पक्षी तिच्यापासून दूर उडत होते. यंदा शेवटची संधी. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती.

पुढच्या रविवारी ती आली, ती थेट माळ्याखाली जाऊन उभी राहिली.

"मला तुमची मदत हवीय."

"डबा नाय मिळायचा," वरून उत्तर आलं.

"ऐकून तर घ्या."

तो खाली उतरला. तिनं अटीसकट सगळं सांगितलं. तो बांधावर बसून काडीनं जमीन उकरत ऐकत होता. मग म्हणाला, "तुम्ही लपता, तिथंच चुकतं. करकोचा लय हुशार. काल नव्हती ती वस्तू आज दिसली, की तो तिच्या वाऱ्याला उभा राहत नाय. पण बुजगावणं बघा. पहिले आठ दिवस भितो. नंतर त्याच्या पायाशी उभा राहून घाटे खातो. म्हणून तर मला डबा वाजवावा लागतो."

दीपमाला त्याच्याकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"मीच बुजगावणं होणार."

ज्ञानेशनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "होईल. फार काही बदलावं लागणार नाय."

"तुमच्यावर गेली असणार मग सगळी बुजगावणी."

त्याच दिवशी दोघांनी मिळून ते केलं. उभं नाही, उकिडवं बसलेलं, म्हणजे तिला आत स्टुलावर बसता येईल. अंगात रंगनाथभाऊंचा जुना सदरा, डोक्याला गोणपाट. तिनं एक काळी बाटली आणून छातीशी आडवी बांधली, म्हणजे पक्ष्यांना लेन्सची सवय होईल. रोज संध्याकाळी पक्षी उडून गेले की ज्ञानेशनं बुजगावणं चार पावलं पुढं सरकवायचं, पाण्याजवळच्या पट्ट्याकडे. आणि त्या एका पट्ट्यात डबा वाजवायचा नाही.

"तेवढा हरभरा गेला म्हणून समजा," ती चाचरत म्हणाली.

"गेला. तुमच्या शिक्षणाला माझ्याकडनं आहेर."

पुढचे दोन रविवार ती आली ती नुसती बघायला. बांधावर बसून दोघं लांबून करकोचे मोजत. ज्ञानेश बुजगावण्याला 'मखमलाबादचे पाव्हणे' म्हणायचा आणि त्यांची खुशाली सांगायचा. परवा पाव्हण्यांच्या खांद्यावर वेडा राघू बसला. काल पाव्हण्यांची गोणपाटाची मुंडी वाऱ्यानं फिरली, तर करकोचे अर्धा तास जवळ आले नाहीत.

"तुम्ही सगळं असं लक्ष देऊन बघता?" तिनं विचारलं.

"माळ्यावर दुसरं काम काय असतं?" मग जरा थांबून, "आता रविवारची वाटबी बघतो... म्हणजे, पाखरं बघतो, आणि वाटबी."

तिनं घाईनं कॅमेरा त्याच्या हातात दिला. काहीतरी बोलायला हवं, म्हणून त्याला रोल भरायला शिकवू लागली. "फिल्मची जीभ या खाचेत अडकवायची. झाकण लावायचं. मग ही दांडी ओढली की डावीकडची ही कळ आपोआप फिरली पाहिजे. फिरली तर फिल्म पुढं सरकतेय. नाही फिरली, तर आत काहीच नाही, नुसता खटखट आवाज."

"आणि बघायचं इसरलं तर?"

"नवशिके विसरतात," ती म्हणाली.

मग तो रविवार आला. पाकीट शुक्रवारच्या आत पुण्याला पोचायला हवं होतं; त्यासाठी मंगळवारी सकाळी ते नाशिकहून निघायला हवं होतं. उजाडायच्या आत ज्ञानेशनं बुजगावणं उचललं आणि त्याच जागी, तोच सदरा घालून, गोणपाट तोंडावर ओढून दीपमाला बसली. गोणपाट चावत होतं. थंडीनं बोटं वाकत नव्हती. रोल तिनं सदऱ्याच्या आतच चाचपडत भरला.

करकोचे आले, आणि अगदी जवळ आले. एवढे जवळ की त्यांच्या चोचीत घाटे फुटल्याचं तिला ऐकू येत होतं. एक मादी पिलाला घेऊन समोरून गेली, तिच्याकडे मान न वळवता. दीपमाला हळूहळू, श्वास रोखून एकेक फोटो काढत होती. पक्षी उडून गेले तेव्हा तिनं कॅमेऱ्यावरचा आकडा बघितला.

एकोणचाळीस.

रोल तर छत्तिसाचा होता.

तिनं दांडी ओढली. डावीकडची कळ जागची हलली नाही. सदऱ्याची लांब बाही त्या कळेवर पडली होती, आणि सकाळपासून तिनं ती एकदाही बाजूला केली नव्हती.

ज्ञानेश धावत आला. "मिळाला?"

तिनं गोणपाट काढलं. तिनं नुसता कॅमेरा पुढं केला आणि दांडी ओढून दाखवली. त्यानं डावीकडे बघितलं. त्याला कळलं.

आता हा काय बोलणार, ते तिनं मनातल्या मनात ऐकूनही घेतलं. तीन वर्षं स्टुडिओत काढलेली ती, आणि नवशिक्याची चूक. एरवी चप्पल चिखलात राहिली तरी टोमणा न सोडणारा हा माणूस... पण ज्ञानेशनं तिच्या केसांत अडकलेला गोणपाटाचा धागा काढला, आणि विचारलं, "अजून किती रोल हायत?"

"एक."

"उद्याची सकाळ चालंल?"

"उद्या तुमची सोंगणी आहे. आत्या म्हणाली, हरभरा कापायला बायाही सांगून ठेवल्यात."

"ते मी बघतो. तुम्ही तेवढं बाही वर करून बसा."

दुपारी तिनं गावातल्या एसटीडी बूथवरून स्टुडिओत फोन केला. सोमवारी दिवसा येत नाही, रात्री येते, आणि रात्रभर अंधारखोली मला हवी. मालक कुरकुरले. ती म्हणाली, "पगार कापा, पण किल्ली ठेवा." 

संध्याकाळी आत्या बाहेरून आली, ती दारातच थांबली. "रंगनाथभाऊंच्या वट्यावर होते. पोरगं बापाला म्हणतंय, उद्या सोंगणी वरच्या अंगानं सुरू करा, पाण्याकडचा पट्टा तसाच ठेवा, पाखरं खातील त्येवढी खाऊ द्या. भाऊ म्हणाले, आणि हे कुणासाठी रे? मला वाटलं, आता तुझं नाव घेतो."

"घेतलं?"

"नाय. म्हणाला, माझ्यासाठी."

आत्या चुलीकडे वळली. दीपमाला बराच वेळ हातातला कांदा तसाच धरून बसली होती.

सोमवारी सकाळी दीपमालानं रोल उजेडात भरला. दांडी ओढली, कळ फिरलेली बघितली, आणि ज्ञानेशलाही दाखवली. मग बाही कोपरापर्यंत वर दुमडली, आणि बसली.

वरच्या अंगाला बायांचे आवाज येत होते. त्यामुळं करकोचे उशिरा आले. दहाच होते, आणि बिचकलेले. ती हलली नाही. ऊन चढलं, गोणपाटाच्या आत घाम आला. साडेदहाच्या सुमाराला एका नरानं उपटलेलं हरभऱ्याचं ढाळं चोचीत धरलं आणि उगाचच, खेळ म्हणून, वर हवेत उडवलं. समोरच्या मादीनं पंख पसरून, दोन्ही पाय जमिनीवरून सोडून उडी मारली. ढाळं हवेत, मादी हवेत, आणि नराची मान वर. त्या क्षणी त्या दोघांना जगात दुसरं कुणीही माहीत नव्हतं.

दीपमालानं एकदाच बटण दाबलं. मग दांडी ओढली. कळ फिरली.

निवडीचं पत्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. मधल्या काळात ज्ञानेशचं एकही पत्र नव्हतं. तिनं दोन पाठवली होती, आणि फोटोची प्रतही. आत्याकडून निरोप मात्र आला होता की, पोरगं हल्ली फार बोलत नाही, तोंडाला कुलूप लागलंय.

ती रविवारची वाट न बघता मधल्याच वारी आली, आणि आत्याकडे न थांबता सरळ गाळाच्या जमिनीवर गेली. पाणी अजून मागं हटलं होतं, आणि ज्ञानेश ओल्या वाळूत टरबुजाच्या वेलांना आळी करत होता.

"पत्रं मिळाली?"

"मिळाली."

"उत्तर?"

तो आळं नीट करत राहिला. "लिहिलं होतं. चार वेळा. दर वेळी वाटायचं, निवड झाली तर ही पुण्याला जाणार. तिला हिकडं ओढून धरल्यासारखं होईल. नाय झाली, तर दुःखात असंल, तेव्हा आपलं घोडं पुढं दामटणं बरं नव्हं."

"निवड झालीय."

त्यानं वर बघितलं. चेहरा आधी उजळला, आणि मग... त्यानं पुन्हा खाली बघितलं. "लय चांगलं झालं. कधी जायचं?"

"जूनमध्ये. वर्षभर. मी जाणार, त्यात बदल नाही."

"बदल कुणी मागितला?"

"मग आता माझं ऐका." ती त्याच्यासमोर वाळूत उकिडवी बसली. "पट्टा कुणासाठी, असं रंगनाथकाकांनी विचारलं, तेव्हा तुम्ही 'माझ्यासाठी' म्हणालात. मला ते आत्यानं सांगितलं. त्याचा अर्थ मला तुमच्या तोंडून ऐकायचाय."

वाळूत पाण्याची एक धार वाट काढत आळ्यात शिरत होती. ज्ञानेशनं ती पायानं अडवली.

"त्या दिवशी तुम्ही कळ दाखवली ना, फिरत नव्हती ती," तो म्हणाला. "तुमचा चेहरा बघवंना. तवाच कळलं, की आता हिचं जे हुकंल ते माझंबी हुकणार. म्हणून म्हणालो, माझ्यासाठी."

ती म्हणाली, "एवढंच लिहायला चार कागद फाडले?"

"पाच. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून चार सांगितले."

आता मात्र ती हसली, आणि डोळे पुसले. "वर्षानंतर मी चापडगावला येईन, ती आत्याकडे उतरायला नाही. पण ते बाबांना कुणीतरी सांगायला हवं. आमचे बाबा फक्त शेतीवर बोलणाऱ्या माणसाशी दहा मिनिटांच्या वर बोलतात."

"बाबा घरी कधी असत्यात?"

"बाजारातून येतात संध्याकाळी पाचला. कधी येताय? लग्नसराई संपली की..."

ज्ञानेशनं फावडं पाण्यात बुडवून धुतलं, बांधावर टेकवून ठेवलं. पाण्यात उभं राहून पाय घासले, तोंडावर पाणी मारलं, आणि माळ्याच्या खुंटीवरचा सदरा झटकून अंगात घातला.

"काय करताय?"

"निफाडची गाडी दीडला हाय," तो गुंडी लावत म्हणाला. "पाचच्या आत मखमलाबाद गाठू. चला."